अकरावं वर्ष आणि माळाची वाट



मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, आणि चहा उकळेपर्यंत शाळेचा विषय निघाला. गावच्या शाळेत सहावी ते आठवीच्या लेकरांचं निसर्ग मंडळ सुरू झालंय. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी गुरुजी आणि बाई लेकरांना माळावर, ओढ्याला, तळ्याकाठी नेतात. पाखरं बघायची, गवतं ओळखायची, वहीत लिहायचं आणि अकराच्या आत घरी यायचं. पहिल्या फेरीची यादी शाळेच्या भिंतीवर लागली होती. नावं बावीस. त्यात मुली तीन.

वर्गांत मुली निम्म्याहून जास्त आहेत. मग बाकीच्या कुठं गेल्या? आम्ही एकमेकींनाच विचारलं, कारण त्या आमच्याच घरात होत्या. उत्तरं भराभर आली. रविवारी धुणं असतं. धाकट्याला कोण बघणार? ऊन लागतं. आता मोठी झाली, पोरांबरोबर रानात कशी पाठवायची? मधेच पाळी आली तर आडोसा कुठं? आणि शेवटी एकीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं, "पाखरं बघून पोट भरतंय का?"

यातलं एकही कारण खोटं नाही. पण मुलांच्या बाबतीत यातलं एकही कारण कुणी काढलं नव्हतं. त्या दिवशी चहा पिताना आम्ही जरा गप्पच होतो. मग ठरलं, की पुढच्या रेडिओ भाषणात हाच विषय घ्यायचा. लेकरांना भिंतीबाहेर नेऊन शिकवायची ही रीत कुठून आली, आणि तिच्यात मुलगी कुठं होती, हे शोधायचं. गटातल्या दोघी-तिघींनी वाचनालयात जाऊन वाचलं, आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं. तेच आज तुमच्यापुढं मांडतोय.

गोष्ट सुरू होते मुंबईत, १८८३ साली. त्या वर्षी १५ सप्टेंबरला आठ माणसांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. पक्षी, प्राणी, झाडं यांचा अभ्यास करणाऱ्यांची ही मंडळी. आठांतले सहा युरोपियन होते आणि दोघं आपले. एक प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुन वैद्यक शिकलेले, वनस्पतींचे जाणकार. औषधी झाडपाल्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं.

आता या सखाराम अर्जुनांच्या घरात डोकावू. त्यांच्या पत्नी जयंतीबाई आधी विधवा होत्या. त्यांना पहिल्या लग्नाची एक मुलगी होती. तिचं नाव रखमाबाई. होय, त्याच आपल्या डॉ. रखमाबाई. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलं गेलं. लग्न झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून, पुस्तकं आणून वाचत राहिल्या. सोसायटी निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८४ साली, नवऱ्यानं कोर्टात दावा लावला की बायको नांदायला पाठवा. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. पुढं १८८८ साली पैसे देऊन तो दावा मिटला, रखमाबाई विलायतेला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत-राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली.

हे एकाच घरात घडत होतं. घरातला कर्ता पुरुष झाडापाखरांचा अभ्यास करणारी संस्था काढत होता आणि घरातली मुलगी स्वतःच्या पायांनी कुठं जायचं याच्यासाठी कोर्टात उभी होती. सखाराम अर्जुन तिच्या पाठीशी राहिले. पण १८८५ साली ते वारले आणि पुढची लढाई तिला त्यांच्याशिवाय लढावी लागली.

दुसरी गोष्ट त्याच सोसायटीची, पंचवीस वर्षांनंतरची. १९०८ साल. मुंबईत खेतवाडीत मामांकडं वाढलेला एक अनाथ मुलगा होता, अकरा-बारा वर्षांचा. हातात छऱ्याची खेळण्यातली बंदूक. त्यानं एक चिमणी मारली आणि बघतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. आपल्या घरातल्या चिमणीला असा डाग नसतो. ही कुठली? त्यानं मामांना विचारलं. मामांना सांगता येईना, पण त्यांनी "गप बस" म्हटलं नाही. चिठ्ठी देऊन त्याला सोसायटीच्या कचेरीत पाठवलं. तिथं मिलार्ड नावाचे इंग्रज साहेब सचिव होते. मुलगा दारातच घाबरला. पण साहेबांनी त्याला आत घेतलं, चिमणीचं नाव सांगितलं, कपाटं उघडून भुसा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढं जगभर नाव झालेले पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली.

आम्ही या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या. दोघंही अकराच्या आसपासचे. त्या वयात एकाला दार उघडून आत घेतलं, आणि दुसरीवर त्या वयात दार लावलं गेलं. हुशारीत कोण कमी होतं, असं कुणी म्हणेल का? फरक होता तो दारापाशी उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचा. पाचवी ते आठवीचं हे वयच तसलं आहे बायांनो. या वयात लेकरू शंभर प्रश्न विचारतं. मुलाला आपण म्हणतो, जा, बघून ये. मुलीला म्हणतो, आता मोठी झालीस.

तिसरी गोष्ट आपल्या बायांची आहे. अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. लग्न तेराव्या वर्षी, आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्या काळात अशा मुलीनं कोपऱ्यात बसायचं असं ठरलेलंच होतं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम करू लागल्या. १९५७ साली ते काम डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथं आदिवासी वारली लेकरं. शाळा काढली तरी ती येईनात. का येईनात? मोठी लेकरं गुरं राखायला जात, आणि मुली घरी धाकट्यांना सांभाळत. आपल्या बैठकीत निघालेलं तेच कारण, बघा.

ताराबाई-अनुताईंनी लेकरांवर राग धरला नाही. लेकरू शाळेत येत नाही तर शाळा लेकराकडं जाईल, असं त्या म्हणाल्या. लहानग्यांसाठी अंगणात वाडी भरवली. ती अंगणवाडी. आणि गुरं राखणाऱ्या लेकरांसाठी शिक्षक कुरणात गेले. ती कुरणशाळा. गुरं चरतायत, आणि झाडाखाली पाटी निघालीय. पानं, बिया, खडे मोजत हिशेब चाललाय. आज शहरातल्या शाळा पैसे भरून लेकरांना निसर्ग शिबिराला नेतात. आपल्या महाराष्ट्रात एका बालविधवेनं आणि तिच्या गुरूनं ते कधीच करून ठेवलंय, आणि तेही ज्यांना पायात चप्पल नव्हती त्यांच्यासाठी.

आता आपल्या सोलापूरकडं येऊ.

आपला जिल्हा म्हटलं की बाहेरचे लोक म्हणतात, ऊन, दुष्काळ आणि उजाड माळ. रानात बघण्यासारखं काय आहे तुमच्याकडं? त्याचं उत्तर सोलापुरातल्याच एका मुलानं दिलं. मारुती चितमपल्ली. जन्म ५ नोव्हेंबर १९३२, विणकरांच्या या सोलापुरात. रानाची पहिली ओळख त्यांना पुस्तकातून झाली नाही. घरच्यांनी, त्यातही आईनं आणि मामांनी करून दिली. आई पाखरांच्या, झाडांच्या गोष्टी सांगायची. त्या बोटाला धरून हा मुलगा पुढं वनखात्यात गेला. नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या जंगलांत त्यांनी आयुष्य काढलं, पक्षिकोश लिहिला, आदिवासींच्या तोंडचे रानातले शब्द मराठीत आणले. २००६ साली आपल्या सोलापुरातच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. आता दरवर्षी ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सालिम अलींच्या. त्या सप्ताहात शाळेत भाषणं होतील तेव्हा लेकरांना एवढं आवर्जून सांगा, की या सोलापूरच्या मुलाची पहिली शाळा त्याची आई होती.

आणि आपला माळ उजाडही नाही. बार्शी रस्त्यावर नान्नज आहे, शहरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथल्या माळावर माळढोक राहायचा. मीटरभर उंच, नर दहा-बारा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पाखरांत फार वजनदार गणला जाणारा पक्षी. विदर्भात त्याला हुम म्हणतात. तो झाडावर बसत नाही. उघड्या जमिनीवर मादी बहुधा एकच अंडं घालते. नाकतोडे, किडे, सरडे, बोरं, धान्य खातो. त्याला मोकळा गवताळ माळच लागतो. माळ नांगरला की तो जातो, आणि माळावर दाट झाडी लावली तरी जातो. वृक्षारोपण म्हणजे सगळीकडंच पुण्य, असं आम्ही समजत होतो. गवताचा माळ हेसुद्धा एक जंगलच असतं, हे आम्हाला या वयात कळलं. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक, माळटिटवी, ही सगळी त्याचीच लेकरं.

१९७० च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजला गवताचे पट्टे राखले गेले, चराई थांबली, आणि गवत वाढलं तसा माळढोकांना आसरा मिळाला. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात नुसता माळ नव्हता. गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी येऊ लागल्या आणि लोक पाखराला शिव्या देऊ लागले. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक फार कमी उरले होते. आता तो दिसणं हीच बातमी होते. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, डोळे बाजूला असतात, म्हणून तो उडताना तारांना धडकतो.

इथं एक गोष्ट मनाला लागते. शहरातली लेकरं दुर्बीण घेऊन नान्नजला यायची, माळढोक बघून वहीत लिहायची. आणि माळाशेजारच्या गावातल्या लेकरांनी त्याचं नाव ऐकलं ते तलाठ्याच्या कागदावर, अडचण म्हणून. ज्यांच्या दारात पक्षी होता, त्यांना तो बघायला कुणी नेलं नाही.

शाळाशाळांत निसर्ग मंडळं निघाली ती याच काळात. १९६९ साली वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडची भारतातली शाखा मुंबईत सुरू झाली, आणि सत्तरच्या दशकात तिनं शाळा-कॉलेजांत नेचर क्लब काढायला सुरुवात केली. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पर्यावरण हा विषय शाळेत शिकवलाच पाहिजे. २००१ नंतर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हरित सेनेतून खेड्यांतल्या शाळांतही इको क्लब आले. आपल्या गावचं मंडळ हे त्याच घराण्यातलं धाकटं लेकरू. म्हणजे मुंबईच्या साहेबांच्या कचेरीतून ही रीत निघाली ती आपल्या माळापर्यंत पोचायला शंभराहून जास्त वर्षं लागली. आणि आता ती दारात आली आहे, तर आपण आपल्या मुलीला धुण्याला बसवायचं?

एवढं वाचून झाल्यावर आम्ही शाळेत गेलो. बाईंना आणि गुरुजींना म्हटलं, आमच्या मुली येतील, पण आमच्या गटातल्या दोघी दर फेरीला बरोबर येतील. ते लगेच हो म्हणाले. त्यांनाही तेच हवं होतं. आडोशाचा प्रश्न असा सोडवला, की वाटेतल्या एका वस्तीवर आमच्या गटातलं घर आहे, तिथं थांबायचं. पिशवीत पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि एका वेगळ्या पिशवीत पॅड. धाकट्यांना त्या सकाळी पाळीपाळीनं एकीनं सांभाळायचं. धुणं शनिवारी संध्याकाळी, आणि त्यात मुलांनीही हात लावायचा. हे शेवटचं अजून सगळ्या घरांत जमलेलं नाही, खरं तेच सांगतो.

दुसऱ्या फेरीला अकरा मुली होत्या. आमच्यातर्फे गेलेल्या दोघींत एक आजी होती, सत्तरी ओलांडलेली. आधी लेकरं हसली, आजी काय शिकणार म्हणून. माळावर टिटवी ओरडायला लागली तसं आजीनं सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं. "ती ओरडतीय म्हणजे अंडी जवळ हायेत. पाय बघून टाका." बाईंनी दुर्बिणीतून शोधलं, सापडेना. आजीनं नुसत्या डोळ्यांनी दाखवलं. खड्यांत खड्यासारखी चार अंडी. कुणी हात लावला नाही. आजीनं सांगितलं, टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस चांगला, नाल्यात घातली तर ओढ. गुरुजी म्हणाले, हे खरं की नाही ते आपण दरवर्षी लिहून ठेवून तपासू. एका मुलीनं लगेच वहीत तारीख टाकली.

मग आजीनं गवतं सांगितली. हे पवन्या, हे मारवेल, ही कुसळी. कुठलं गुरांना गोड, कुठलं छपराला. पुढं एक जुनी ताल लागली, मातीचा बांध, त्यावर हिवर उगवलेला. आजी तिथं टेकली आणि म्हणाली, "ही आमी घातली. बहात्तरला." लेकरांना काही कळेना. मग तिनं सांगितलं, ७२ च्या दुष्काळात सगळा गाव कामावर होता, बाया डोक्यावर मातीची पाटी वाहायच्या, खडी फोडायच्या, लाल मिलोच्या भाकरी खायच्या, कामावर सुकडी मिळायची. ती तेव्हा त्या लेकरांपेक्षा थोडीशीच मोठी होती, आणि लग्न झालेलं होतं. सत्तरच्या दशकातले पाझर तलाव, बांध, रस्ते, आज निसर्ग मंडळ ज्यांच्या काठानं फिरतं, ते कितीतरी अशा बायांच्या डोक्यावरून आलेत. हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. त्या दिवशी अकरा मुलींच्या वहीत मात्र ते लिहिलं गेलं.

आता एक गोष्ट जड मनानं सांगतो. गावाचं नाव सांगत नाही, घराचंही नाही. पहिल्या यादीत आठवीतल्या एका मुलीचं नाव लिहून खोडलेलं होतं. आम्हाला वाटलं, धुण्याचंच कारण असेल. नंतर कळलं, त्या रविवारी तिच्या घरी पाहुणे बघायला येणार होते. आमच्यातल्या चौघी तिच्या आईकडं गेलो. भांडायला गेलो नाही, नुसतं बसलो. कायद्यानं अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही हेही सांगितलं. आई म्हणाली, "मला ठाऊक हाय. पण माझं कोण ऐकतंय?" तेव्हा आम्ही म्हटलं, तू एकटी सांगू नको, आपण सगळ्या मिळून सांगू. बोलणं अजून चालू आहे. पण पुढच्या फेरीच्या यादीत मुलीचं नाव परत लिहिलं गेलंय, आणि ते तिच्या आईनं स्वतः शाळेत जाऊन लिहिलंय.

म्हणून ज्या बहिणीनं विचारलं होतं, पाखरं बघून पोट भरतंय का, तिला आमचं उत्तर असं. पोट भरत नाही. पण जी मुलगी रविवारी सकाळी माळावर जाऊन, मोकळ्या रानात आपल्या डोळ्यांनी बघून, आपल्या हातानं वहीत लिहून परत येते, तिला घरातही आपलं म्हणणं सांगायची सवय लागते. आणि तिच्याबरोबर गेलेल्या आईलाही.

तुमच्या गावच्या शाळेत असं मंडळ असेल तर या आठवड्यात यादी बघून या. मुली किती ते मोजा. कमी असतील तर कारणं विचारा, आणि प्रत्येक कारणासाठी एकेक बाई उभी करा. मंडळ नसेल तर बाई-गुरुजींना सांगा, वाट दाखवायला आम्ही येतो. दुर्बीण नसली तरी चालेल. गावातल्या आजीला बरोबर घ्या.

आमच्या मंडळाची पुढची फेरी हिप्परग्याच्या तळ्याला आहे. हे एकरुख तळं १८७१ सालचं आहे, ते सोलापूरला पाणी देतं, आणि हिवाळ्यात तिथं लांबून पाखरं येतात. आमच्यातल्या बऱ्याच जणी त्या रस्त्यानं बाजाराला शेकडो वेळा गेल्या असतील. थांबून तळं बघितलं असं एकीलाही आठवत नाही. या वेळी आम्हीही थांबणार आहोत.